वेफांगची माहिती, मुनाफभाईंच्या हातची

मुनाफभाईंना गप्प बसवेल असा माणूस कतारमध्ये अजून उतरायचा होता. मूळचे रत्नागिरीचे, बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतल्या खोलीत बारा वर्षं मुक्काम, काम स्टेडियमच्या गोदामात कारकुनीचं. नवा माणूस दिसला की सुरू, "गाव कुठलं? वाडी कुठली? कुणाच्या घरातले?" केनियाच्या वॉचमनलाही सोडलं नाही हो!

पण त्या वर्षी भाईंचं तोंड पार उतरलेलं. वर्ल्ड कप डोक्यावर आलेला, सगळ्यांच्या रजा बंद, आणि तिकडे एकुलत्या लेकीचं, सुमैयाचं, लग्न ठरलेलं. मॅनेजर शशिकांतसाहेबांनी तीन अर्ज परत केले.

"खलास, मुनाफभाई. कप झाल्यावर जा."

"तेव्हा काय साहेब, नातू बघायला जाऊ?"

तेवढ्यात चीनच्या वेफांग शहरातले इंजिनियर येणार असं कळलं. साहेबांनी फर्मावलं, "स्वागताला त्यांच्या शहराची पानभर माहिती वाचायची. तुम्हीच लिहा, तुम्हाला गावांची भारी हौस."

भाईंनी मोबाइल चाळला. चीनच्या पूर्वेला, शांडोंग प्रांतात. पतंगांसाठी नावाजलेलं. उत्तरेला समुद्र. हिरवा मुळा लोक फळासारखा खातात. अर्धं पान भरलं. उरलेलं अर्धं भाईंनी मनानंच भरलं. गाव ते गाव, त्यात काय एवढं!

स्वागताच्या दिवशी भाई वाचत होते आणि दुभाषी मुलगी चिनीत सांगत होती. पतंग झाले, मुळा झाला.

"समुद्र आहे म्हणजे मासे आहेत. मासे आहेत म्हणजे शेजाऱ्याशी भांडण आहे." पाहुणे खो खो हसले. भाईंना चेव आला. "आणि लेकीच्या लग्नाला बाप हजर नसेल, तर वेफांगात वऱ्हाड जेवत नाही!"

साहेबांचे डोळे बारीक झाले. त्यांनी सरळ सगळ्यांत म्हाताऱ्या इंजिनियरलाच विचारलं, "हे खरं आहे?"

मेली ती रजा! भाईंनी घाईघाईनं कागद दुमडला. म्हाताऱ्यानं आधी कागदाकडे पाहिलं, मग भाईंकडे. जन्म घरापासून लांब, साइटवर काढलेला माणूस तो. गंभीर चेहऱ्यानं काहीतरी बोलला.

दुभाषी मुलगी म्हणाली, "म्हणतात, अगदी खरं. तीन दिवस कुणी जेवत नाही. मुळासुद्धा खात नाहीत."

सगळा हॉल हसला. साहेबही हसले, आणि भाईंनी खिशातून काढलेल्या चौथ्या अर्जावर तिथेच सही केली.

मग म्हाताऱ्यानं भाईंचा हात धरून दुभाषी मुलीकरवी विचारलं, "लग्न कुठल्या गावी? कुणाच्या घरात देताय मुलगी?"

आणि मुनाफभाईंना, देवाशप्पथ, शब्द फुटेना.