सुभेदारांची दुसरी बायको

मुरलीपुऱ्यात कुजबुज होती, आणि कुजबुज म्हटली की कुणाचा कान शांत बसतो? निवृत्त सुभेदार सर्जेरावांना म्हणे दोन बायका. घरात मालन, आणि फौजेच्या कागदात कुणी अबोली. आरोग्यकार्डाचा ऑनलाइन अर्ज भरून दिला शेजारच्या मयूरीच्या नवऱ्यानं, त्यामुळं बातमी तिथूनच फुटली. मयूरीनं तर दुसरीला सिंधी कॅम्पच्या बसस्टँडवर पाहिलंही होतं, गुलाबी साडीत!

मालनला साड्यांचं काही नव्हतं, गुडघ्याचं होतं. पुढल्या सोमवारी गुडघा बदलायचा होता. माजी सैनिकांचं आरोग्यकार्ड मिळालं तर ऑपरेशन फुकट, नाहीतर गुडघा आहे तसाच. आणि कार्ड अडलं होतं त्या अबोलीपायी.

माजी सैनिकांच्या अडचणी सोडवायच्या मेळाव्यात ही भली मोठी रांग. पुढं पंडित हवालदार देशाचा अर्थसंकल्प सोडवत होते. पैसा रणगाड्यांवर घालावा की म्हाताऱ्यांच्या औषधांवर? शत्रू काय आपल्या औषधासाठी थांबणार आहे?

मूळची साताऱ्याकडची, आता हिंदी मुलखात राहणारी मालन काठी टेकत म्हणाली, "भावजी, रणगाड्याचा पट्टा तुटला तर नवा घालत्यात न्हवं? मग माझ्या गुडघ्यानं काय घोडं मारलंय?"

रांग खदखदली. पंडितांनी अर्थसंकल्प गुंडाळला.

टेबलामागचा नंदकिशोर बाबू मात्र हसेना. मालननं सांगितलं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, अबोली; ह्यांनी तेच फौजेत दिलं. मग घरात हाक काय मारायचे, बाबूनं विचारलं. "अगं." चाळीस वर्षं 'अगं'वरच भागलं. आधार काढताना तिनं माहेरचं नाव सांगून टाकलं, तेव्हाही कुणी हटकलं नाही.

बर्फातल्या चौकीवर न डगमगलेले सर्जेराव आता रुमालानं मान पुसत होते. बाबूला पुरावा हवा होता. त्यानं जुनी फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचू लागला, "पत्नी, अबोली. पहचान का निशान, बाएँ हाथ पर गोदना..." आणि थांबला. "गोदना, 'मालन'."

मालननं पदर सारून हात पुढं केला. आठव्या वर्षी जत्रेत गोंदलेली तीन हिरवी अक्षरं. सगळं टेबल उठून बघायला आलं. बाबू हरखून साहेबांकडं पळाला. दोन्ही नावं एकाच बाईची असं शपथपत्र जोडायचं ठरलं आणि तात्पुरत्या चिठ्ठीवर तिथंच सही झाली. सोमवार पक्का!

सर्जेरावांच्या तोंडून, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच निघालं, "मालन, चल."

सुभेदारांचं लग्न एकदाच झालं होतं. बायको एकच होती. तिचं नाव सासरच्यांनी बदललं होतं.