दामूदादांचे चार संघ

फुटबॉलची मॅच बघताना दामूदादा चेंडूकडे बघत नसत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोणाच्या तरी मोबाइलवर आदल्या दिवशीच्या मॅचचे तुकडे बघत बसायचो. गोल झाला की आम्ही ओरडायचो आणि दामूदादा मागून हात पुढे करून अर्धा स्क्रीन तळव्याने झाकून टाकायचे. नाचणारे खेळाडू त्यांच्या हाताखाली जायचे. उरायचा तो गोल खाल्लेला गोलकीपर, जाळीतून चेंडू काढत असलेला.

"या गोलीकडं बग," ते म्हणायचे. "मारल्यावर सगलेच नाचतात रे. खाल्ल्यावर कोन कोनाकडं बघतो, ते बग. टीम तिथं कलते."

दामोदर नाखवा आमच्या घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात कंत्राटी इलेक्ट्रिशियन होते. पंचावन्नच्या आसपास वय, खाकी शर्ट, खिशात टेस्टर. खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्यांचं घर. नव्या पोरांपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ते अरेतुरे करायचे आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. मला म्हणायचे, "अरे निखिल, डोक्यावरची ट्यूब आठवडाभर लुकलुकतेय. सांगशील की नाय? डोले घालवशील." ट्यूब बदलायला चढायचे आणि शिडीवरूनच कॉर्नर किक कशी अडवावी यावर अर्धा तास बोलायचे.

तरुणपणी ते स्वतः गोली होते. एकदा खाडीपलीकडच्या गावाशी मॅच होती आणि दामूदादांनी सात गोल खाल्ले. "सात, निखिल! पन ते जाऊ दे. होडीतून परत येताना टीमचे दहा जन होते. एकबी माझ्याशी बोलला नाय. सगले पान्याकडं बघत बसलेले. तवाच मना कललं, आमची टीम नव्हतीच. अकरा मानसं होती, बस्स." एरवी ते हसत हसत सांगायचे, पण होडीपाशी आले की आवाज खाली जायचा.

कतारच्या विश्वचषकाआधी आमच्या ऑफिसात भाकितांची स्पर्धा निघाली. उपांत्य फेरीत पोहोचणारे चार संघ आणि विजेता, एवढंच आधी सांगायचं. ईमेलवर फॉर्म आला. दामूदादांना ऑफिसचा ईमेल नव्हता. ते माझ्या टेबलाशी आले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "माझा पन फॉर्म भर."

कागदावर पेनाने ठळक लिहिलेलं होतं: अर्जेंटिना, क्रोएशिया, इंग्लंड, मोरोक्को. विजेता अर्जेंटिना.

"मोरोक्को?" मी हसलो. "दादा, ब्राझील नाही, स्पेन नाही, आणि मोरोक्को?"

"हस. मी त्यांच्या मॅची बघितल्यात. गोल खाल्ला की पाठचे चौघं गोलीकडं चालत जातात. त्याला एकट्याला सोडत नाय. अशी टीम लवकर घरी जात नाय."

दुपारी मी फॉर्म उघडला. त्यात कर्मचारी क्रमांक हवा होता. कंत्राटी माणसाला तो नसतो, त्यामुळे फॉर्म पुढेच जाईना. मी माझा क्रमांक टाकला. माझं स्वतःचं काही भरायचं ठरलेलं नव्हतं. नंतर स्पर्धा घेणाऱ्यांना समजावून सांगू, असं मनाशी म्हटलं. जाता जाता एक बदलही केला. इंग्लंड खोडून फ्रान्स टाकलं. का, ते नक्की सांगता येत नाही. कदाचित माझाही त्यात थोडा हात असावा असं वाटलं असेल.

"भरला?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"भरला."

"नाव नीट लिवलंस ना? नाखवा. मागं एकानं नुसता खवा लिवलेला."

"नीट लिहिलंय," मी म्हणालो.

खरं सांगायची ती वेळ होती. नुसतं "दादा, तुमचं नाव फॉर्मने घेतलं नाही," एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले असते, बरं, राहू दे. पण मी सांगितलं नाही. मग सामने सुरू झाले आणि सांगणं रोज अवघड होत गेलं. अर्जेंटिना पहिलाच सामना हरली तेव्हा कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी दामूदादांना घेरलं. ते शांतपणे डबा खात म्हणाले, "आता बगा. आता कलेल कोन कोनाकडं बघतो ते." मोरोक्कोने स्पेनला घालवलं, नंतर पोर्तुगालला. दामूदादा शिडी घेऊन धावतच माझ्याकडे आले. "आपला मोरोक्को, निखिल! आमच्या कट्ट्यावर सगल्यांना सांगितलंय मी, माझं नाव कॉम्प्युटरमध्ये गेलंय म्हनून." मी त्यांच्या हातावर टाळी दिली.

अर्जेंटिना जिंकली. पूर्ण ऑफिसात चारही संघ आणि विजेता बरोबर असलेला एकच फॉर्म निघाला. कॅन्टीनमध्ये दुपारी छोटा कार्यक्रम झाला. माइकची वायर जोडायला दामूदादाच होते. इंग्लंड हरलं असलं तरी बाकी सगळं जुळलंय, या आशेवर ते धुतलेला शर्ट घालून, केस चापून बसवून आले होते. माझं नाव पुकारलं गेलं.

मी उठलो. हेच मला आजवर कळलेलं नाही, की मी उठलो कसा. चालत पुढे गेलो, बक्षिसाची जर्सी घेतली, फोटो काढून घेतला. मग कोणीतरी विचारलं, मोरोक्को कसं ओळखलंस? माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "गोल मारल्यावर सगळेच नाचतात. मी बघतो गोल खाल्ल्यावर काय होतं ते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्विचबोर्डापाशी उभे असलेले दामूदादाही टाळ्या वाजवत होते, इतरांपेक्षा थोड्या सावकाश.

कार्यक्रम संपल्यावर ते वायर गुंडाळत होते. मी जवळ गेलो. तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "अभिनंदन, साहेब."

मला त्यांनी कधी साहेब म्हटलं नव्हतं. त्यानंतर कधी दुसरं काही म्हटलं नाही. "साहेब, जरा उठता का, ट्यूब बदलायचीय." एवढंच बोलणं राहिलं. मोबाइलभोवती आमचा घोळका जमला तरी ते यायचे नाहीत. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. मनातल्या मनात त्या एका फ्रान्सचा आधार घ्यायचो: इंग्लंड ठेवलं असतं तर बक्षीस आलंच नसतं, म्हणजे थोडं माझंही आहेच की. काही महिन्यांनी मी नोकरी बदलली आणि सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारख्या वाटण्याचीच मला आता जास्त लाज वाटते.

यंदा पुन्हा विश्वचषक जवळ आला. जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "निखिल, गेल्या वेळी चारही अचूक सांगितलेलेस. या वेळी कोण?" खाली अंगठ्यांची रांग लागली. मी दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. पुढच्या रविवारी सकाळी डोंबिवलीहून निघालो आणि विचारत विचारत कोळीवाडा गाठला.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी नाव सांगितलं. "फॉर्म भरनारा निखिल तूच का?" ती म्हणाली. "तू तरी यांना टायमावर फॉर्म द्यायला सांगायचंस रे. यांनी उशीर केला नि नाव राहिलं. अजून कट्ट्यावर यांना लेट फॉर्म म्हनून हाक मारतात."

मी दारातच थांबलो. दामूदादांनी उशीर केलेला नव्हता. फॉर्म सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी कागद माझ्या हातात दिला होता. गावासमोर त्यांनी बोल स्वतःकडे घेतला होता आणि माझं नाव कुठेच येऊ दिलं नव्हतं.

ते आतून आले. केस बरेच पांढरे झाले होते. "या साहेब, बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: क्रमांक, फ्रान्स, खोटं, माइक. बोलताना त्यांच्या बायकोकडे बघवत नव्हतं. दामूदादांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"हे मना कशाला सांगता?" माझं संपल्यावर ते म्हणाले. "मना म्हाईतच हाय. कट्ट्यावर चला. तिथं सांगा."

ते चपला घालून पुढे निघालेसुद्धा. खाडीकडे तोंड करून बांधलेल्या कट्ट्यावर सहासात म्हातारे बसले होते. एकाने दुरूनच हाक दिली, "आला रे लेट फॉर्म!" दामूदादा म्हणाले, "या साहेबांना काय सांगायचंय ते ऐका," आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

मी सांगितलं. त्यांच्या घरात सांगितलं त्यापेक्षा ते कितीतरी अवघड गेलं. कोणी हसलं नाही. एकाने माझ्याकडे नखशिखांत बघितलं आणि मान फिरवली. हाक मारणारा म्हातारा दामूदादांकडे वळला. "म्हंजे चारी टीम तुझ्याच होत्या काय रे, दामू?"

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. तेवढं मी त्यांचं देणं लागतच होतो.

"नाय," दामूदादा म्हणाले. "तीन. इंग्लंड मी सांगितलेला, तो पडला. फ्रान्स या साहेबांचा."

मी मान खाली घातली. म्हाताऱ्यांनी सरकून दामूदादांना मध्ये जागा करून दिली. मला कोणी बस म्हणालं नाही, जा असंही नाही. "मग या टायमाला कोन, दामू?" त्या म्हाताऱ्याने विचारलं, आणि सगळे पुढे झुकले.

दामूदादांनी घसा साफ केला. बोलायच्या आधी त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"ऐका, साहेब," ते म्हणाले. "पन लिवून घेऊ नका."