उंबरठ्यावरचं इंग्रजी

"सून अन् सासरा, अन् इंग्रजीत बोलत म्हंते बापा!" माजघराच्या दाराशी बसलेल्या गोदूकाकू शेजारणीच्या कानाशी म्हणाल्या. "मराठीत बोलली असती तं लोकाइनं नावं ठेवली असती. इंग्रजीत कोनाले काय समजते!" शेजारीण तोंडाला पदर लावून हसली आणि आपण कुठे बसलो आहोत ते आठवून लगेच गप्प झाली. माझ्या वहिनीची तेरवी होती. पाण्याचे पेले घेऊन मी आत उभी होते. काकूंना उत्तर द्यायला हवं होतं, निदान रागाने बघायला तरी... पण खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं. वहिनीच्या त्या इंग्रजीवर माझ्याखेरीज आणखी कुणाचा तरी आक्षेप होता!

त्याला आता काही आठवडे झाले. आमचे बाबा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्ध्याला, बोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लहानसं घर बांधलं. आई मी लहान असतानाच गेली, म्हणून मला नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये बोर्डिंगात ठेवलं होतं. शिकून परत आले तेव्हा माझं मराठी पुस्तकातलं आणि आजूबाजूचं सगळं वऱ्हाडी. तोंड उघडलं की कुणीतरी हसायचं. मग मी बोलणंच कमी केलं. बोलायची ती फक्त संध्याकाळी, बैठकीत, बाबांना इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवताना. ते मधूनच थांबवून उच्चार सुधारायचे, एखादा शब्द विचारायचे. तेवढा तासभर ते माझे असत. दादा पुलगावला नोकरीला, सकाळच्या गाडीने जाऊन दिवेलागणीला येणारा. त्याला आमच्या इंग्रजीशी देणंघेणं नव्हतं.

वहिनी केळझरची. तिच्या माहेरी वांगी-टोमॅटोच्या वाड्या, शिक्षण गावच्या शाळेत झालं तेवढं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ती सासऱ्यांशी बोलत नसे आणि बैठकीत पाऊलही टाकत नसे. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर, चौकटीला डोकं टेकून उभी राही आणि म्हणे, "ताई, मामाजीले म्हना, पान मांडलं." बाबा दोन हातांवर बसलेले असत, त्यांना ते स्पष्ट ऐकू जाई. तरी मी सांगायची. मग बाबा मला म्हणत, "तिला सांग, आलोच." तेही तिला ऐकू गेलेलं असे, तरी मी पुन्हा सांगायची. दोघांच्या मधली ती जागा मला फार आवडायची. घरात माझं काही काम आहे असं तिथेच वाटायचं.

एका संध्याकाळी मी वाचत होते आणि उंबरठ्यावरून आवाज आला, "सर, टी इज रेडी फॉर यू." बाबांनी दचकून वर पाहिलं. वहिनी लाल झाली होती, पण मागे हटली नव्हती. बाबा एवढे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "थँक यू," ते म्हणाले, "पुट इट ऑन द टेबल." आणि तिने खरंच उंबरठा ओलांडून कप टेबलावर आणून ठेवला. पुढे गोदूकाकूंनी तिला हटकलं, "काऊन वो सूनबाई, सासऱ्यासंगं बोलतं म्हंते तू?" तर ही म्हणाली, "मी कुठं बोलतो काकू? बोलते ते तं इंग्रजी!"

तिने ते उचललं आमच्याच वाचनातून, आत भाजी चिरता चिरता. उरलेलं मला विचारून. मी थोडक्यात सांगायची, शिकवण्याचा उत्साह मला नव्हता. शाळेत आम्हाला क्रियापदं आणि शब्दयोगी अव्ययं वेगवेगळ्या रकान्यांत मिळाली होती, आम्ही ती पाठ केली. वहिनीला मात्र प्रत्येक क्रियापद घरातली माणसं सोबत घेऊनच भेटलं. गिव इट टू हिम, टेक इट फ्रॉम हर, वेट फॉर मी. चूल फुंकता फुंकता ती असल्या जोड्या लावायची. 'हिम'वर तर ती खूष होती. "एकाच हिममंदी मामाजी बी बसते, आमचे हे बी बसते, अन् वाडीतला गडी बी? मंग नाव घ्याचं झंझटच गेलं ना ताई!" कधी म्हणे, "आपल्याकडे 'मले' म्हटलं की झालं. हे लोकं पहिले काम सांगते, मंग मंधात एक मानूस उभा करते, अन् मंग 'मी' म्हंते." मधे उभं केलेलं ते माणूस म्हणजे 'टू' किंवा 'फॉर'. हे ऐकताना मला दर वेळी वाटे, हिला कुणी सांगावं, तसं मधे उभं राहणारं माणूस या घरात मी होते.

चुका ती भरपूर करायची. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला ती बातमी मी वाचत होते. तिने विचारलं, "सर, एक्सप्लेन मी, हाऊ वर्धा गोज टू बॉम्बे?" मी बाबांकडे पाहिलं. लहानपणी सुटीत आले असताना नेमका असाच 'एक्सप्लेन'नंतरचा 'टू' गाळल्याबद्दल त्यांनी मला ते वाक्य पाटीभर लिहायला लावलं होतं. आता ते थांबवतील, सुधारतील... त्यांनी चष्मा पुसला आणि राज्यांची फेररचना तिला समजावून सांगू लागले. मध्येच त्यांचं इंग्रजी संपलं, मराठी सुरू झालं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. दादा पुलगावहून आला, बूट काढत ऐकत राहिला. "बाबा," तो म्हणाला, "माझ्याशी तर तुम्ही मराठीतही एवढं बोलला नाहीत कधी." सगळे हसले. माझ्या मांडीवर वर्तमानपत्र तसंच उघडं होतं. पुढची बातमी कुणी विचारली नाही.

त्यानंतर रोज पाचच्या सुमाराला ती उंबरठ्यावर येऊन हाक मारायची, "कम, सर, सिट विथ अस." बाबा उठून आत स्वयंपाकघरात जायचे आणि पाटावर बसून चहा घ्यायचे. आमच्या आईच्या वेळीही ते कधी असे स्वयंपाकघरात बसले नव्हते म्हणे. मीही बसायची, कपात बघत. माझं एकही वाक्य कधी चुकलं नाही, आणि माझ्या कुठल्याही वाक्याने बाबा जागचे उठले नाहीत.

उन्हाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. इस्पितळात तिने दादाला हाका मारल्या, आईला मारल्या, सगळ्या मराठीतच. इंग्रजी एक शब्द बोलली नाही. ती गेली तेव्हा बाबा बाहेरच्या बाकावर बसून रडले. दादा त्यांना धरून उभा होता. बाबांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि तशा वेळीही माझ्या मनात आलं, माझ्या वेळी हे एवढे रडतील का? हा विचार गेलेला नाही. तिच्या सगळ्या आठवणी याच विचारातून गाळून माझ्यापर्यंत येतात, त्याला माझा इलाज नाही. जिवंत होती तेव्हा निदान ती चुकायची तरी. आता तेही नाही.

घरात आता दिवसभर पुन्हा बाबा आणि मी. वर्तमानपत्र येतं, घडी मोडली जात नाही. पाच वाजत आले की बाबा चष्मा काढून उंबरठ्याकडे बघतात. मी कप नेऊन त्यांच्याजवळ ठेवते, ते "थँक यू" म्हणतात, चहा निवून जातो.

परवा मी कप नेला नाही. उंबरठ्यावर जाऊन उभी राहिले. चौकटीवर, ती डोकं टेकायची तिथे, खोबरेल तेलाचा गोल डाग आहे. घासला तरी जायचा नाही. मी तिच्यापेक्षा उंच, तो माझ्या गालाशी येतो. तिचं वाक्य माझ्या ओठावर आलं, 'विथ अस'सकट. तिच्या त्या 'अस'मध्ये मी रोज होते, तिने मला एक दिवसही वगळलं नव्हतं. पण मला आमच्यात नको होते बाबा. मला ते माझे हवे होते, आजही हवे आहेत. आणि ते इंग्रजीत सांगितलं असतं तर पुन्हा तिचाच आवाज त्यांना ऐकू आला असता.

बाबा उंबरठ्याकडे बघत होते. चौकट सोडून मी एक पाऊल पुढे झाले.

"बाबा," मी म्हणाले, "चहा झालाय. आत या... माझ्याजवळ बसा."