चौरागडची उतरण

कवडू अजनीच्या रेल्वे यार्डात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात त्याची नोकरी गेली आणि पाठोपाठ क्वार्टरही गेलं. बायको अंजनाबाई आणि दोन पोरींना घेऊन तो कन्हानला सासुरवाडीत येऊन राहिला. सासरे वारलेले, घर मेहुण्याच्या हातात. मेहुणा मारोतराव तसा वाईट माणूस नव्हता. फक्त रोज संध्याकाळी ताटं वाढली की विचारायचा, "काय गा भाऊजी, जमलं का कुठं?"

कवडू अर्ध्या ताटावरून उठायचा. पुढं पुढं तो जेवायच्या वेळेला नदीकडं निघून जायला लागला. अंजनाबाई त्याच्या वाटची भाकर फडक्यात बांधून चुलीमागं ठेवायची.

त्याच्याचबरोबर कामावरून काढलेला गणपत नागपुरात सदरमधल्या एका हॉटेलात कपबशा विसळत होता. दोघं रेल्वेच्या शर्यतींत जोडीनं पळलेले, एकाच डब्यातून जेवलेले. दिवाळीनंतर तो सायकल मारत कन्हानला आला तो धापा टाकतच.

"पचमढीले दौड आहे गा. डोंगरातली, बत्तीस मैलांची. हिंगण्याच्या एका कारखानदारानं ठेवली. फौजी येतील, कोणी कोणी येतील. पण नागपूरवाल्यांत जो पहिला येईल, त्याले कारखान्यात पक्की नोकरी."

"एकालेच?"

"एकालेच."

कवडूच म्हणाला, "आपण दोघं पळू. पण एक गोष्ट पक्की. रस्त्यात कोणी पडला तर दुसऱ्यानं थांबाचं नाही. दोघांच्या घरी चूल विझण्यापरीस एकाच्या घरी तरी पेटन."

गणपतनं मान हलवली. मग सवड मिळेल त्या पहाटे ते रामटेकच्या टेकडीवर चढउतार करायला लागले. सपाटीवर गणपत पुढं जायचा, चढावर कवडू.

डिसेंबरात ट्रकमध्ये बसून सगळी मंडळी पचमढीला गेली. पहाटेच्या धुक्यात शर्यत सुटली. धूपगडाच्या माथ्यावर पोचेपर्यंत सूर्य वर आला होता. खाली एकामागं एक निळे डोंगर, दऱ्यांत कापसासारखं धुकं. पुढचा एक फौजी ते बघायला चक्क थांबला. कवडूनंही पाहिलं, पण त्याला काही दिसलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं मारोतरावाची पंगत होती.

दरीत उतरून ते पुन्हा चौरागडाला भिडले. चढावर नागपूरचे बाकीचे गडी मागं पडले. माथ्यावर नवसाच्या त्रिशूळांचा ढीग पडलेला. कवडूनं पळता पळताच हात जोडले. गणपत त्याच्या मागं शंभरेक हातांवर होता. आता फक्त उतरण होती, आणि मग पचमढीपर्यंतचा रस्ता. आपल्याला जमलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

आणि उतरणीवर दगड सरकला. उजवा गुडघा दोन खडकांमध्ये पिळला गेला आणि त्यातून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. कवडू कोलमडला. उठायला गेला, पुन्हा पडला.

वरून गणपत आला. थबकला. दोघांची नजर भिडली.

आपणच घातलेली अट कवडूला आठवत होती. तरी त्याच्या तोंडून निघालं, "थांब गा, गणपत. मले सोडून जाऊ नको."

गणपतनं एक पाऊल कवडूकडं टाकलं. मग मान फिरवली आणि तो खाली धावत सुटला. बराच वेळ त्याच्या पावलांखालचे दगड घरंगळताना ऐकू येत होते.

कवडू तिथं बसून लहान पोरासारखा रडला. गणपत गेला म्हणून नव्हे. आपण भीक मागितली म्हणून. मग वाटलं, तोही पुढं पडला असेल तर? हा विचार मनात आल्याची त्याला लाजसुद्धा वाटली नाही. डोक्याचं फडकं सोडून त्यानं गुडघा करकचून बांधला आणि बुड टेकत, घसरत तो उतरायला लागला. लाकडाच्या मोळ्या घेऊन दोन गोंड बाया खालून येत होत्या. एकीनं न विचारता मोळीतली काठी ओढून त्याच्या हातात दिली. त्या काठीच्या आधारानं तो पचमढीला पोचला, तेव्हा मांडवाची कनात सोडत होते. मधेच चार नागपूरवाले त्याच्यापुढं निघून गेले होते.

गणपत गळ्यात हार घालून खुर्चीवर बसला होता. नागपूरवाल्यांत तोच पहिला आला होता. कवडूला पाहून त्यानं हार काढून मांडीवर ठेवला.

परतीच्या ट्रकमध्ये गणपत सरकत सरकत त्याच्याजवळ आला. "शिव्या दे गा. पण बोल."

कवडू छिंदवाड्यापर्यंत बोलला नाही, आणि त्यापुढंही नाही.

घरी आल्यावर मारोतरावानं त्याचा सुजलेला गुडघा पाहिला आणि त्या संध्याकाळी काही विचारलं नाही. पण तेच कवडूला जास्त लागलं. पुढली दोन वर्षं तो विड्या वळायला लागणारी तेंदूची पानं कापत बसला. खाली बसता येईना, म्हणून अंजनाबाईनं त्याच्यासाठी खोक्याचं आसन केलं. एकदा ती म्हणाली, "तुमी हसत काहून नाही जी पोरींसंग?" त्यानं पुढचं पान कापायला घेतलं.

सत्त्याहत्तरला दिल्लीतलं सरकार बदललं आणि संपात काढलेल्यांना परत घेतलं. सगळ्यांना. पळावं न लागता. कवडूही गेला, पण रेल्वेच्या डॉक्टरनं तपासणीत उकिडवं बसायला सांगितलं तेव्हा त्याला बसता आलं नाही. पॉइंट्समनचं काम गेलं ते गेलंच. सिग्नलच्या दिव्यांच्या खोलीत काचा पुसायचं हलकं काम मिळालं.

क्वार्टर मिळाल्यावर एका रविवारी गणपत आला. तो कारखान्यातच राहिला होता. दारातच उभा राहिला.

"तू माह्या जागी असता तं थांबला असता का?" त्यानं विचारलं.

कवडूनं या प्रश्नावर दोन वर्षं काढली होती. "नसतो थांबलो," तो म्हणाला. "पण तू थांबाले पाहिजे होतं."

गणपतनं मान खाली घातली. आतून अंजनाबाईनं विचारलं, "चहा टाकू का जी दोघांचा?"

कवडू पाय ओढत उठला आणि भिंतीला टेकवलेलं दुसरं खोकं त्यानं गणपतकडं सरकवलं.