भिंतीवरचं काकडीचं बी

शहाऐंशीची दिवाळी सरली. मी कॅनडाला निघालो, तेव्हा कोन गावातल्या आमच्या परड्यात काकडीचा मांडव उतरवायचा राहिला होता. टॅक्सी दारात उभी. आई म्हणाली, "दिनू, वरच्या दोऱ्या तेवढ्या तोडून जा. माझा हात पोचायचा न्हाय." नव्या पँटीनिशी पिंपावर चढलो. वाळके वेल अंगावर आले.

तुमच्यातले जे कोनला राहिले, त्यांना ही कामं सांगायला नकोत. माझ्यासारखे गेले, ते विसरले असतील. दिवाळीनंतर पावसाळी वेल काढायचे, ओल आहे तोवर वाल टोचायचे, बियाण्याला राखलेली पिवळी काकडी फोडायची. बी राखेत कालवून आई त्याच्या चकत्या चुलीमागच्या भिंतीला थापायची. ते बी तिला तिच्या आईनं लग्नात दिलेलं. मागेल त्याला ती द्यायची. मागायला मात्र कुणाच्या दारी गेली नाही. त्यातली एक चकती तिनं खरवडली, फडक्यात बांधली आणि माझ्या स्वेटरच्या खिशात घातली.

तिकडं विमानतळावर बियाणं आणायला मनाई असल्याची पाटी वाचली आणि मी पुरचुंडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. भ्यायलो होतो. त्याचं फारसं काही नाही. पण फोनवर आईनं विचारलं, "रुजलं का रे?" आणि मी म्हणालो, "रुजलं." मग दरवर्षी "यंदा खूप लागल्या" म्हणत राहिलो.

पुढं कोनला चहूकडं कापड विणायच्या लूम आल्या. परड्यात शेड बांधून भाड्यानं द्या, हा सल्ला माझाच. चुलीची भिंत गेली. आईनं बी राखलं नाही. म्हणे, "दिनूकडं हाय ना."

त्यानंतर एका नोव्हेंबरात घरी गेलो. भिंतीपलीकडं लूमची खटखट. आईनं गच्चीवर अर्धं पिंप मातीनं भरून ठेवलेलं. तिनं तळहात पुढं केला. "आपलं बी आणलंस?"

सांगून टाकलं. सगळं.

तिनं हात पदराला पुसला. "मी गावभर सांगत फिरले, आपली काकडी बरफाच्या देशात लागते म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून म्हणाली, "चल अंबाडीला. सुमनला दिलेलं मी." सुमन आमच्या शेजारची, अंबाडी गावी दिलेली. तिच्या पायरीशी आई उभी राहिली, वर चढेना. मीच म्हणालो, "सुमनताई, आई बी मागायला आलीय."

"अगं बाई! काकी, मागता काय? तुमचंच हाय ते." मग माझ्याकडं बघून हसली. "पण या साहेबांची फॉरेनची काकडी कुठं गेली?"

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "थंडीनं नेली गं."

माझ्या माहितीत आईचं हे पहिलं खोटं. परत येताना टेम्पोत तिनं पुरचुंडी माझ्याकडं दिली नाही, स्वतःच्याच कनवटीला ठेवली.

आता तिच्या गच्चीवर वेल आहे. माझ्या बॅकयार्डात दुकानातल्या बियाचा. ऑक्टोबरात फ्रॉस्ट पडून जमीन गोठायच्या आधी मी तो उपटतो, लसूण लावतो, वर पानं पसरतो आणि आत येऊन फोन लावतो. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला तो फोनच आठवतो.

"आई, यंदा कडू निघाल्या."

"पाणी चुकवलंस. खरं सांग."

"चुकवलं."