सुडु नव्हे, सोड

वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत हेमावतीच्या नवऱ्याला कुणी नावानं हाक मारत नसे. भाजीवाल्यापासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळ्यांचे ते 'एट्टय्या', म्हणजे हेडकॉन्स्टेबलसाहेब. राणोजी हे तंजावरी नाव सासूच्या तोंडी उरलं होतं. ती गेल्यावर निव्वळ रेशनकार्डावर.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एट्टय्यांनी ठाण्यातली गोष्ट घरी सांगितली नाही. हेमावतीला ती खाकी शर्टावरून कळे. बटण तुटलेलं दिसलं की आज झटापट झाली, दोन तुटलेली दिसली की मोठी झाली. ती विचारायची नाही. दोरा ओवायची, बटण लावायची आणि त्या दिवशी ताकाला जरा जास्त आलं लावायची.

शनिवारी मात्र एट्टय्या तिच्या ताब्यात असत. अंगाला तिळाचं तेल लावून न्हाणं हा त्या घरचा नेम. ती त्यांची मान दाबायची, कान पिळायची, आणि ते ओरडायचे, "सोड, सोड." तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून त्यांच्या शब्दांना शेवटी एक उकार चिकटला होता, त्यामुळे ते ऐकू यायचं 'सोडु'. समोरच्या फ्लॅटातले उमाकांतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याचे. ते बारा वर्षं त्या उकारावरून चिडवत आले होते. "एट्टय्या, मराठीला शेपूट का लावता हो?"

एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला एट्टय्या आणि त्यांच्या सब-इन्स्पेक्टर जननी एका आरोपीला धरायला अड्यारला गेले. कार्तिकेय नावाचा तेवीस वर्षांचा तरुण. एका दुकानदारावर वार केल्याचा गुन्हा होता. गोदामामागे तो सापडला, पण त्याच्या हातात कोयता होता. एट्टय्यांच्या हातात काठी. कोयत्याचा पहिला वार उजव्या हाताच्या दंडापासून कोपरापर्यंत गेला. मग जननीनं पिस्तूल झाडलं. गोळी त्याच्या गुडघ्याखाली लागली.

एट्टय्या आणि तो तरुण, दोघेही वाचले. एट्टय्यांना सतरा टाके पडले, पण बोटं हलतील असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा हेमावतीनं त्या डॉक्टरांना, वॉर्डातल्या नर्सला आणि लिफ्टवाल्यालासुद्धा हात जोडले. तिच्या मते प्रकरण तिथं संपलं होतं.

चौथ्या दिवशी ती चित्रफीत फिरू लागली.

पाण्याच्या टँकरमागून कुणीतरी फोनवर घेतलेली. एकोणीस सेकंद. दिसत काही नव्हतं. टँकरचं चाक आणि एट्टय्यांची पाठ. ऐकू मात्र स्वच्छ येत होतं. एट्टय्यांचा आवाज, दोनदा, "सुडु! सुडु!" आणि लगेच गोळी. तमिळमध्ये सुडु म्हणजे झाड गोळी.

टीव्हीवर रोज संध्याकाळी माणसं बसू लागली. एकजण म्हणे, पकडून ठेवलेल्या पोरावर गोळी झाडायला सांगणारा हा पोलीस की खाटीक? दुसरा म्हणे, असंच पाहिजे, या लोकांना जागेवरच संपवा. हेमावतीला दोघांचंही ऐकवेना. एक तिच्या नवऱ्याला खाटीक म्हणत होता, आणि दुसरा त्याच कारणासाठी हार घालायला निघाला होता.

पोलिसांनी गोळी झाडली की लागते तशी महसूल अधिकाऱ्यांची चौकशी लागली. ती संपेपर्यंत एट्टय्यांनी कामावर यायचं नाही. हातात आलेल्या माणसावर गोळी झाडायला सांगितली असं ठरलं, तर नोकरी जाणार होतीच, वर खटलाही उभा राहणार होता. आणि एट्टय्यांना काही आठवत नव्हतं. वार बसल्यापासून पुढचं सगळं कोरं.

मुलगी संयुक्ता सिरुसेरीला एका कंपनीत होती. ती घरी आली आणि बापासमोर बसून तमिळमध्येच म्हणाली, "अप्पा, खरं सांगा. तुम्ही असं म्हणालात?"

"आठवत नाही, बाळ."

"म्हणजे म्हणालाही असाल."

"असेन."

संयुक्ता उठून आतल्या खोलीत गेली. एट्टय्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघत राहिले. टाके पडताना त्यांनी तोंड वाकडं केलं नव्हतं, ते आता झालं.

हेमावतीनं ती चित्रफीत पाहिली नव्हती. पाहणार नाही असंच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात चिंच कोळत होती, आणि आत संयुक्तानं फोनवर ती पुन्हा एकदा लावली. भिंतीपलीकडून नवऱ्याचा आवाज आला.

"सोडलें हो, सोडलें," हेमावती चिंचेतून हात न काढता म्हणाली.

मग तिचा हात थांबला. एट्टय्या तर बाहेर झोपाळ्यावर बसले होते.

ती तशीच चिंचेच्या हातांनी आत गेली. "परत लाव बघू."

संयुक्तानं लावली. हेमावतीनं डोळे मिटून ऐकलं. "तें सुडु नव्हे. सोड म्हणताहेत. शनिवारीं मला म्हणतात तसेंच."

"अम्मा, सगळ्या तमिळनाडूनं ऐकलंय."

"तमिळनाडूनं त्यांचे कान पिळलेत काय?"

संयुक्तानं पुन्हा लावली, पुन्हा. चौथ्या खेपेला तिचा चेहरा बदलला. लहानपणी ती बापाच्या पाठीवर लोंबकळायची तेव्हा हाच आवाज तिच्या डोक्यावरून जायचा. "सोड," ती हळूच मराठीत म्हणाली. बऱ्याच वर्षांनी. आणि मग एकदम, "अम्मा, पण सोड कोण म्हणतो? ज्याला धरलंय तो."

"मग?"

"म्हणजे अप्पांनी त्याला धरलं नव्हतं. त्यानं अप्पांना धरलं होतं."

आता हे मराठी आहे म्हणून सांगणार कोण? बायकोचं म्हणणं कोण धरणार? हेमावती पदराला हात पुसत समोरच्या फ्लॅटात गेली. उमाकांतराव वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. तिनं फोन पुढं धरला आणि विचारलं, "हें काय ऐकूं येतें तुम्हांस?"

त्यांनी दोनदा ऐकलं. चष्मा काढला. "सोड म्हणतायत की. शेपटासकट."

"हें मराठी आहे, असें लिहून द्याल?"

उमाकांतरावांची बायको जयवंती आतून म्हणाली, "बारा वर्षं त्यांच्या मराठीला नावं ठेवलीत, आता लिहा."

त्यांनी अडीच पानं लिहिली. शेवटच्या उकारावर तर एक आख्खा परिच्छेद. आणि इस्त्रीचा शर्ट घालून चौकशीला स्वतः गेले.

कचेरीच्या व्हरांड्यात एकच बाक होतं. त्यावर कार्तिकेयची आई बसली होती, मांडीवर दवाखान्याचा डबा घेऊन. हेमावती आली तशी ती सरकली. मग ती बाई समोर बघत म्हणाली, "पायावरच लागली. देवानं वाचवलं."

"हो," हेमावती म्हणाली. त्याच गोळीबद्दल तीही त्याच देवाचे आभार मानत होती. हे त्या आईला सांगायला तिची जीभ वळली नाही. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. बाईनं ती घेतली, प्यायली, झाकण घट्ट लावून परत दिली.

आत अधिकाऱ्यांनी हेमावतीला विचारलं, "तुमचा नवरा घाबरला की मराठीत बोलतो?"

"दुखलं की," ती तमिळमध्ये म्हणाली. "घाबरल्यावर काय बोलतात ते मला ऐकवलं नाही कधी."

जननीची साक्ष लपवाछपवीची नव्हती. सत्तावीस वर्षांची पोर, सरळ उभी राहून म्हणाली, "कोयता दुसऱ्यांदा वर गेला होता. पिस्तूल माझ्या हातात होतं आणि हात हलत नव्हता. मला एट्टय्यांचा आवाज सुडु असाच ऐकू आला. मग हात हलला. गुडघ्याखालीच नेम धरला."

तीन आठवड्यांनी निकाल आला. एट्टय्यांनी गोळी झाडायला सांगितलं नव्हतं. ते आरोपीच्या पकडीत होते, आणि गोळी त्यांचा जीव वाचवायला झाडली गेली. टीव्हीवरच्या माणसांना तोवर दुसरा विषय मिळाला होता. गल्लीत मात्र भटजी प्रसाद घेऊन आले, आणि उमाकांतराव दोन दिवस सगळ्यांना उकाराचं महत्त्व सांगत फिरले.

रविवारी हेमावतीनं जननीला जेवायला बोलावलं. आमटी, वांग्याचं भरीत, उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर. एट्टय्या डाव्या हातात चमचा धरून जेवत होते. उजव्या हाताची बोटं अजून वाटीपर्यंतच पोचत होती. संयुक्ता वाढत होती आणि मुद्दाम मराठीत विचारत होती, "अप्पा, भात होणा?" म्हणजे हवा का.

जननी दोन घास खाऊन थांबली. "अक्का, एक सांगू? रोज मनात येतं. तुमची भाषा मला येत असती, तर मला सोड असं ऐकू आलं असतं. माझा हात हललाच नसता."

एट्टय्यांचा चमचा थांबला. हे त्यांच्याही मनात येऊन गेलं असावं. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्या तरुणानं ऐकलं नाही, आणि जे म्हणायचं नव्हतं ते या पोरीनं ऐकलं. म्हणून ते आज पानावर बसले होते.

हेमावतीनं डांगराची वाटी उचलली आणि जननीच्या पानात दोन चमचे वाढलं. तिनं हातानं पुरे म्हटलं, तरी तिसरा वाढला.

"नाही आली भाषा ते बरं झालं," हेमावती म्हणाली. "खा. आणि शिकूही नकोस."