साडूंची मोटारतपासणी

जगातली एकही जुनी मोटार आमच्या साडूंच्या नजरेतून आजवर धडपणे सुटलेली नाही, आणि गंमत म्हणजे परवापरवापर्यंत त्यातली एकही त्यांनी समोर उभं राहून पाहिलेली नव्हती. सगळा कारभार मोबाइलवर. चहा झाला की अंजूरच्या घराच्या ओटीवर मांडी ठोकायची, चष्मा कपाळावर ढकलायचा, फोन नाकाला लावायचा आणि देशभरात विकायला काढलेल्या पद्मिनी गाड्यांचं पोस्टमॉर्टेम सुरू! पस्तीस वर्षं त्यांनी भिवंडीत लूमवरून उतरलेल्या कापडाचे ताके तपासले. कापड टेबलावरून सरकवायचं, तुटका धागा किंवा तेलाचा डाग दिसला की खडूची खूण करायची. माणूस रिटायर झाला, डोळे अजून ड्युटीवरच आहेत. "कापडाचं पोट बघू नये, किनार बघावी. खोट तिथं लपते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. म्हणून चकाचक बॉनेटकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. दाराची फट, काचेभोवतीचं रबर, पायडलची झीज, हे बघतात. एकदा म्हणाले, "मालक लिहितो, गाडी फक्त देवदर्शनाला काढली. मग क्लचचं रबर एवढं कसं झिजलं? ह्याचा देव काय काश्मीरला राहतो?"

हा सगळा खटाटोप ताईसाठी. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. लग्न झाल्यावर साडूंनी लूमच्या शेठची पद्मिनी मागून आणली होती आणि ताईला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं होतं. परतताना बोलून बसले, "अशीच गाडी आपली घेईन, मग परत येऊ." त्याला चाळीस वर्षं झाली. मुलांची शिक्षणं, घराचं काम, दर वेळी काहीतरी आडवं आलं. आता हात मोकळा झाला तर ताईचे गुडघे गेले. रिक्षाच्या धक्क्यांनी बिचारीच्या डोळ्यांत पाणी येतं. भाड्याची गाडी करू म्हटलं की साडू फुरंगटतात, "शब्द गाडीचा दिलाय, भाड्याचा नाही." आणि ताई मला हळूच म्हणायची, "भावजी, एकदा त्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचं हाय. चालता येतंय तवर."

पण गाडी पास होईल तर ना! एकदा तर कहर झाला. नाशिकच्या एका गाडीच्या दाराच्या कडेला त्यांना गंजाचा ठिपका दिसला. नापास. पुण्याच्या गाडीवर त्याच जागी तसाच ठिपका. तिसऱ्या गाडीवरही तोच. साडूंनी मला फोन करून गंभीर आवाजात सांगितलं, "ह्या मॉडेलला गंज इथंच धरतो. कंपनीलासुद्धा माहीत नसेल." संध्याकाळी ताईनं पदरानं फोन पुसला तेव्हा तिन्ही गाड्यांचा गंज एकदम गेला. चहाचा थेंब होता तो!

मी भडकलो. म्हटलं, "अहो, तुम्हाला गाडी घ्यायचीय की नापास करायचीय?" ते शांतपणे म्हणाले, "ज्या ताक्यात खोट सापडली नाही, तो ताका चेकरनं बघितलाच नाही." कप्पाळ माझं!

मग भिवंडीजवळच्या राहनाळची जाहिरात आली. एक म्हातारे चाचा, लूम बंद करून गाळे गोडाऊनला दिलेले. त्यांनी गाडीच्या फक्त खोटांचेच फोटो टाकले होते, खाली नंबर घालून आणि कारण लिहून. साडू हवालदिल झाले. तीन दिवस नुसते फोटो न्याहाळूनही नवी खोट सापडेना. शेवटी प्रत्यक्ष बघायला निघालो. ताई हट्टानं रिक्षात बसली, दातावर दात दाबून सगळे धक्के सोसले.

साडू तासभर गाडीभोवती फिरले. एकाएकी दाराच्या बिजागरीशी वाकले आणि ओरडले, "रंगाखाली हिरवा रंग! दार दुसऱ्या गाडीचं आहे!"

चाचा हसले. "चार नंबर पढा नहीं आपने? बेगम गाडी शिकताना गेटला ठोकली. दरवाज़ा बदल दिया, बेगम वही रखी." मग दारावर हात ठेवून म्हणाले, "दोन वर्षं झाली तिला जाऊन. उभी गाडी सडते, भाऊ. कुणीतरी फिरवली पाहिजे."

तेवढ्यात आतून आवाज आला. ताई केव्हाच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती, पाय ऐसपैस पसरून. "मी न्हाय उतरत. दार बदललेलं हाय तर हाय! माझे गुडघे तरी कुठं पयल्यासारखे राह्यलेत? मग मलाबी नापास करा."

साडूंनी तिच्याकडे बघितलं. चेकरच्या नजरेनं नाही, साध्या माणसाच्या नजरेनं, आणि बराच वेळ. मग ते चाचांना म्हणाले, "पास." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

गेल्या रविवारी अकलोलीला गेलो. मी मागच्या सीटवर होतो. वाटेत गाडी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा साडू खोट शोधायला खुशीत खाली उतरले. कुंडाच्या पायरीवर ताईला धरून बसवलं, तिनं पाण्यात पाय सोडले आणि डोळे मिटून घेतले. साडू शेजारी टेकले. जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाले, "फार उशीर केला गं मी."

"केलाच," ताई म्हणाली. "पण पाणी अजून गरम हाय. सोडा तुमचेबी पाय."